शिळ्या बार्बेक्यूच्या कसोटीवर बिडाचा तवा

जानेवारीतल्या एका रविवारी बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या गच्चीवर शेगडी पेटली, तेव्हा जेवणारी माणसे अकरा होती आणि मांस सहा किलो आणलेले होते. पुण्याहून आलेल्या जावईबापूंच्या उत्साहाला आवर घालण्याचे धाडस कोणी केले नाही, आणि त्याचा परिणाम असा झाला की रात्री साडेदहाला निखारे विझले तेव्हा भाजलेली कोंबडी, बोकडाच्या फऱ्याच्या बोट्या आणि खिम्याच्या सळया मिळून जवळजवळ दोन किलो ऐवज ताटांत उरला होता. हे परीक्षण त्या दोन किलोंमुळे लिहिले जात आहे. बाजारातून नुकताच घेतलेला बिडाचा तवा मी पुढचे चार दिवस केवळ या उरलेल्या मांसासाठी वापरला, आणि आंबोळी किंवा थालीपीठ काढून जे कळले नसते ते या तव्याविषयी मला त्या चार दिवसांत कळले.

आमच्या भागात शिळे मटण म्हणजे रस्सा, आणि शिळा रस्सा म्हणजे सकाळी उठून त्याला खळखळून कढ आणणे, हे समीकरण इतके पक्के आहे की त्यात दुसरे काही असू शकते असे कोणाला वाटत नाही. गावच्या यात्रेनंतर मोठ्या पातेल्यातला रस्सा असाच कढवून संपवला जातो, आणि तो दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो हेही खरे आहे, कारण रश्श्यातले मांस पाण्यातच शिजलेले असते आणि मुरण्याने त्याचे नुकसान होत नाही. निखाऱ्यांवर भाजलेल्या मांसाची गोष्ट मात्र वेगळी असते. भाजताना त्यातले बरेचसे पाणी निघून गेलेले असते. त्याला पुन्हा अर्धा तास उकळले की उरलेला ओलावाही बाहेर पडतो आणि तंतू आवळून बसतात. गेल्या वर्षी सासूबाईंनी उरलेल्या बोट्या नेहमीच्या मायेने कांदा-खोबऱ्याच्या रश्श्यात टाकून चांगल्या कढवल्या. रस्सा उत्तम झाला होता, पण बोट्या चपलेच्या वादीसारख्या झाल्या होत्या, आणि त्या कोणी खाल्ल्या नाहीत ही गोष्ट सासूबाईंनी अजून आम्हाला माफ केलेली नाही.

तेव्हा यंदा मनाशी एवढेच ठरवले होते की हे मांस शिजवायचे नाही, कारण ते शिजलेलेच आहे. ते फक्त शेवटच्या दोन-तीन मिनिटांत, चांगल्या तापलेल्या भांड्यात, पूर्ण गरम करायचे. यासाठी भांडे असे हवे की ज्यात थंड मांस पडल्याबरोबर त्याची उष्णता कोसळत नाही. म्हणून बिडाचा तवा.

तव्याविषयी आधी सांगते. बारा इंच व्यासाचा, किंचित खोलगट, दोन्ही बाजूंना कान असलेला हा तवा मी शहरातल्या भांड्यांच्या एका जुन्या दुकानातून साडेअकराशे रुपयांना घेतला. घरी काट्यावर त्याचे वजन दोन किलो सातशे ग्रॅम भरले. बेळगाव हे ओतकामाचे गाव आहे. उद्यमबाग आणि आसपासच्या फौंड्रींमधून पंपांचे आणि वाहनांचे बिडाचे सुटे भाग बाहेरगावी जातात, त्यामुळे इथे बिडाचे भांडे घेताना आपण आपल्याच गावची वस्तू घेत आहोत असे उगाचच वाटते. हा तवाही इथेच ओतलेला असल्याचे दुकानदाराने सांगितले. तो कोणत्या कारखान्यातला, हे मात्र तव्यावर कोठेही कोरलेले नाही, आणि ही मला त्याची पहिली उणीव वाटते, कारण तक्रार करायची झाली तर ती कोणाकडे करायची हे गिऱ्हाइकाला कळत नाही.

तक्रारीला जागाही आहे. एका कानाच्या खालच्या अंगाला साच्याची कड तशीच राहून गेली होती आणि पहिल्याच दिवशी ती माझ्या बोटाला लागली. ती मी कानशीने घासून घेतली. तवा ‘तेल लावून तयार’ म्हणून विकला गेला होता, परंतु गरम करून पांढऱ्या फडक्याने पुसला तेव्हा फडके काळेकुट्ट झाले. म्हणून तो गरम पाण्याने घासून, कोरडा करून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवणे आणि थंड होऊ देणे हे मला तीन वेळा करावे लागले. तेलाचा थर जाड झाला तर तो चिकट बसतो, म्हणून लावलेले तेल जणू चुकून लागले आहे अशा भावनेने पुसून काढावे लागते. हे काम घरात करताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, नाहीतर शेजारी विचारायला येतात. आमच्याकडे आल्याच.

आता मांसाकडे वळते. भाजलेले मांस दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू नये, हा नियम मी त्या रात्री गप्पा मोडून पाळला. उन्हाळ्यात, पारा बत्तीसच्या वर असताना, हीच मुदत तासावर येते. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास असल्याने जानेवारीत गच्चीवर चांगला गारठा होता, तरी गारठ्यावर भरवसा ठेवून रात्रभर झाकून ठेवण्याची जुनी सवय सोडलेलीच बरी. शेगडीशेजारी आठ वाजल्यापासून पडून असलेले एक ताट मी टाकून दिले आणि त्यावरून थोडे बोलणेही ऐकून घेतले. उरलेले मांस हाडापासून सोडवून, उथळ डब्यांत पसरून फ्रीजमध्ये ठेवले, कारण खोल पातेल्यात ठेवलेल्या ढिगाचा मध्य तासन् तास कोमट राहतो. कच्चे मांस ज्या दह्या-मसाल्यात मुरवले होते त्यातले वाटीभर उरले होते. ते ‘उद्या वापरू’ म्हणून ठेवले जाते, पण त्यात कच्च्या कोंबडीचा रस असतो, म्हणून तेही गेले. फ्रीज चार अंशांच्या आत असेल तर असे शिजलेले मांस तीन-चार दिवस चालते, आणि माझी चार दिवसांची मर्यादा त्यातूनच आली.

सोमवारी सकाळी डबा उघडला तेव्हा बोट्यांवर गोठलेल्या चरबीचा पांढरा थर होता. बोकडाची चरबी साध्या हवेतही घट्ट राहते, त्यामुळे थंड बोटी तोंडात टाकली की टाळूला मेण लागल्यासारखे वाटते, आणि पुष्कळांना शिळे मटण आवडत नाही त्याचे निम्मे कारण हेच असावे. तवा मध्यम आचेवर सहा मिनिटे तापवला. पाण्याचा थेंब टाकला तर तो पसरून उडून न जाता गोळी होऊन घरंगळू लागला, तेव्हा गॅस थोडा कमी केला आणि चरबीची बाजू खाली करून बोट्या एकेक मांडल्या. पहिल्या काही क्षणांत काही घडले नाही. मग कडेने चरबी पारदर्शक होऊन सुटू लागली, चुरचुर सुरू झाली, आणि एकाएकी स्वयंपाकघरात आदल्या रात्रीच्या गच्चीचा वास आला. मी कोळसा पेटवलेला नव्हता, तरी तो वास कोळशाचाच होता.

याचे कारण तसे साधे आहे. पेटून लाल झालेल्या कोळशाला स्वतःचा धूर फारसा नसतो. मांसातली चरबी आणि रस निखाऱ्यांवर ठिबकून जळतात आणि तो धूर वर जाऊन मांसाच्या पृष्ठभागावर बसतो. म्हणजे बार्बेक्यूची सगळी मिजास मांसाच्या बाहेरच्या पातळ थरात असते. मांस पाण्यात उकळले तर ती पाण्यात उतरते, तव्यावर चरबीत तापवले तर ती जागी होते. हे एकदा लक्षात आले की कोणते मांस तव्यावर घ्यायचे आणि कोणते पातेल्यात, हा प्रश्न आपोआप सुटतो: बोट्या तव्यावर आणि हाडे पातेल्यात.

त्याच सकाळी मी तुलनाही करून पाहिली. कोंबडीचे सारख्या आकाराचे तुकडे बिडाच्या तव्यावर, आमच्या जुन्या नॉनस्टिक तव्यावर आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम केले, आणि प्रत्येकाच्या मध्यभागी पाकासाठी घेतलेला तापमापक खुपसला, कारण शिळे मांस आतपर्यंत चौऱ्याहत्तर अंशांना पोहोचले पाहिजे. मायक्रोवेव्हमधल्या तुकड्याच्या कडा दगड झाल्या तरी मधला भाग कोमट होता. चमचाभर पाणी शिंपडून झाकण ठेवल्यावर तो सुधारला, पण वाफवल्यासारखा लागला. नॉनस्टिकवर तुकडे पडताच तवा थंडावला, कोंबडीला पाणी सुटले आणि ते आटेपर्यंत छातीचे मांस कोरडे झाले. बिडाच्या तव्यावर पाणी सुटायला वेळच मिळाला नाही. बिडात उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा हळू पसरते, पण एवढ्या वजनात ती साठून राहते, आणि शिळ्या मांसाला नेमकी हीच साठवण लागते. हळू पसरण्याचाही मला फायदा झाला: आमच्या लहान बर्नरवर तव्याचा मध्य कडक तापतो आणि कडा मवाळ राहतात, त्यामुळे मध्यावर कांदा परतत असताना तयार झालेल्या बोट्या कडेला सरकवून ठेवता येतात. भाकरीसाठी मात्र हाच दोष आहे, आणि भाकरी करणाऱ्यांनी मोठ्या बर्नरशिवाय हा आकार घेऊ नये.

छातीचे मांस मात्र कोणत्याही तव्यावर नुसते गरम करून चांगले लागत नाही, हे मान्य करायला हवे. मी ते तंतू सोडवून बारीक केले, तव्यावर कांदा, हिरवी मिरची आणि भरपूर कोथिंबीर परतून त्यात चार अंडी फोडली, आणि अंडे अर्धवट जमत आले असताना कोंबडी घालून दोन मिनिटांत भुर्जी उतरवली. अंडे कोंबडीला ओलावा देते आणि कोंबडी अंड्याला धुराचा वास देते. कॅम्पातल्या बेकरीचा पाव असला की या न्याहारीला आणखी काही लागत नाही. शिळ्या कोंबडीला जो एक कुबट वास येतो तो चरबी हवेशी संयोग पावल्याने येतो आणि मांसातले लोह त्या क्रियेला हातभार लावते. आले, लसूण आणि ताजी कोथिंबीर यांच्यापुढे तो टिकत नाही.

खरा कस लागला तो खिम्याच्या सळयांचा. या सळया थंड झाल्या की रबरासारख्या होतात आणि पुन्हा गरम केल्या तर आणखी आवळतात, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना कोणी हात लावत नाही. मी चारशे ग्रॅम सळया हाताने कुस्करल्या. मिक्सरमध्ये फिरवल्या असत्या तर लगदा झाला असता. त्यात तीन मध्यम बटाटे उकडून घातले. बेळगाव तालुक्यातला बटाटा आणि रताळी यांचे आमच्या मार्केट यार्डात ढीग लागतात, तेव्हा बटाट्याला तोटा नव्हता. पण बटाटा उकडून पूर्ण थंड झालेला असावा, गरम बटाटा चिकट होतो. आले, पुदिना, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर गरम मसाला एवढीच भर घातली. मीठ अजिबात घातले नाही, कारण सळयांत ते आधीच होते, आणि शिळ्या मांसाच्या कोणत्याही पदार्थात मीठ शेवटी चाखूनच घालावे. टिक्क्या करून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्या, मग बारीक रव्यात घोळवून तव्यावर टाकल्या.

येथे तव्याने आपली किंमत वसूल करून दिली. टिक्की टाकल्यावर तिला हलवायचे नाही, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते. पहिली टिक्की मी उतावीळपणे उचलायला गेले आणि तिची पाठ तव्यालाच राहिली. दुसरी साडेतीन मिनिटे तशीच राहू दिली, तर उलथने लावताच ती आपण होऊन सुटून आली, आणि तिच्या पाठीवर रव्याची तांबूस, कुरकुरीत, सलग खापरी धरलेली होती. आत बटाट्याने धरून ठेवलेला ओलावा, बाहेर ती खापरी, आणि खिम्यातला धूर. बारा टिक्क्या झाल्या आणि सासूबाईंनी चार खाल्ल्या. वादीचे प्रकरण त्याने मिटले असे मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी तरी ते निघाले नाही.

हाडांचे काम तव्याबाहेरचे असले तरी ते सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. मटणाच्या नळ्या आणि कोंबडीची हाडे यांच्यावरचा जळून काळा पडलेला भाग सुरीने खरवडून टाकला, कारण तो राहिला तर सगळे पाणी कडू होते. मग कुकरमध्ये हाडे, गार पाणी, आल्याचा तुकडा, मिरी आणि एक चिरलेला कांदा घालून दोन शिट्ट्या आणि त्यानंतर मंद आचेवर अर्धा तास. गाळून थंड केल्यावर वर चरबीची साय आली, ती वेगळी काढून ठेवली. बेळगाव बासमती या नावाने इकडे मिळणारा सुवासिक तांदूळ त्या चरबीत परतून याच अळणी पाण्यात शिजवला, आणि तव्यावर गरम केलेल्या बोट्या भात उतरवल्यावर, अगदी शेवटी, वरून पेरल्या. हा भात बिर्याणीची नक्कल करत नाही, आणि त्याने ती करूही नये. उरलेली हाडे मात्र गल्लीतल्या कुत्र्यांना घालू नयेत. शिजलेल्या हाडांचे टोकदार तुकडे होतात आणि ते मुक्या जनावरांच्या आतड्याला लागतात.

तिसऱ्या दिवशीचा पदार्थ माझा नाही. तेलाच्या धुरामुळे चौकशीला आलेल्या शेजारच्या अक्का मूळच्या गोकाककडच्या आहेत आणि त्यांच्या घरात ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची चळत कायम असते. मी त्या भाकरीचा चुरा पाण्याचा हबका मारून मऊ करत होते, ते पाहून त्या म्हणाल्या, “वहिनी, पाण्याने कशाला भिजवता, सारात भिजवा की.” सार म्हणजे त्यांनी माझ्या फ्रीजमधल्या हाडांच्या पाण्याकडे बोट दाखवले. ते उकळते पाणी भाकरीच्या चुऱ्यावर बेताने शिंपडले, पाच मिनिटे झाकले, तोवर तव्यावर कांदा आणि तंतूंना आडव्या, अगदी पातळ कापलेल्या बोट्या परतल्या, आणि वरून कारळ्याची चटणी भुरभुरली. आडवे कापण्याने चिवट बोटीही दाताखाली सहज तुटते, कारण लांब तंतू आधीच सुरीने तोडलेले असतात. चार दिवसांतला हा सर्वांत चांगला पदार्थ होता, आणि त्यात तव्याचे श्रेय निम्मेच आहे.

चौथ्या दिवशी मी चूक केली. संकेश्वरी मिरची, लसूण आणि टोमॅटो यांचे वाटण याच तव्यावर परतून त्यात शेवटची कोंबडी घोळवावी असे मनात आले, आणि टोमॅटोचा रस दहा-बारा मिनिटे तव्यात आटत राहिला. वाटणाचा लाल रंग काळपट झाला, जिभेवर खिळा चाटल्यासारखी चव आली, आणि तवा धुतल्यावर मधोमध राखाडी डाग दिसला. तीन वेळा तापवून बसवलेला तेलाचा थर आंबटाने खाल्ला होता. बिडाच्या नव्या तव्यात टोमॅटो, चिंच, आमसूल यांचे काहीही आटवू नये, हे मला ठाऊक होते आणि तरीही केले. त्यात शिळ्या मांसाच्या पुष्कळ पाककृती आंबटावरच उभ्या असतात, कारण आंबटाने चरबीचा जडपणा कापला जातो. म्हणजे या कामासाठी हा तवा एकटा पुरेसा नाही, जोडीला स्टीलची कढई लागतेच. लिंबू पिळायचे तर ते ताटात पिळावे.

धुण्याचे काम ऐकायला वाटते तेवढे जाचक नाही. तवा कोमट असतानाच गरम पाणी आणि नारळाचा काथ्या एवढ्याने तो स्वच्छ होतो; त्यानंतर गॅसवर दोन मिनिटे ठेवून कोरडा करायचा आणि तेलाचे बोट फिरवायचे. लाल तापलेल्या तव्यावर गार पाणी मात्र ओतू नये आणि तो हातातून सोडू नये, कारण बीड कठीण असले तरी ठिसूळ असते, ते वाकत नाही, तडकते. वजनामुळे हा धोका खरा आहे: आमच्या सासूबाईंना तो दोन्ही हातांनीही उचलवत नाही आणि दोन्ही कान इतके तापतात की जाड फडक्याशिवाय स्पर्श करता येत नाही. कान आणखी अर्धा इंच बाहेर काढले असते तर पकड सुधारली असती. गॅसच्या जाळीवर तो किंचित डुलतो, कारण बूड पूर्ण सपाट नाही. बाजूच्या घरात इंडक्शनच्या शेगडीवर ठेवून पाहिला तर तापला, पण तेथेही डुलला. दुकानात घेताना तो फरशीवर ठेवून एकदा बोटाने दाबून पाहण्याची बुद्धी मला झाली नाही.

उरलेल्या मांसापैकी पाव किलोची दोन पाकिटे मी पहिल्याच रात्री चपटी करून, तारीख घालून फ्रीजरमध्ये ठेवली होती. चपटे पाकीट लवकर गोठते आणि फ्रीजमध्ये रात्रभर ठेवले की लवकर सुटते. वजा अठरा अंशांवर दोन-तीन महिने चव टिकते. त्यातले एक फेब्रुवारीत काढले आणि पुन्हा टिक्क्याच केल्या. एकदा गरम केलेले मांस परत फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा गरम करायचे नाही, हा नियम या तव्यावर पाळणे सोपे जाते, कारण तो एका वेळी चार माणसांपुरतेच घेतो.

साडेअकराशे रुपयांत, कानशी आणि तीन वेळचा गॅस धरून, मला हा तवा महाग पडला असे वाटत नाही, आणि पाचपैकी साडेतीन गुण मी त्याला देईन. अर्धा गुण बुडाचा आणि एक कानांचा कापला. पुढच्या आठवड्यात त्याच दुकानात याला बसणारे झाकण पाहायला गेले होते. बिडाचे झाकण दीड किलोचे निघाले, म्हणून ते तेथेच ठेवून आले, आणि सध्या आमच्या जुन्या डेगचीचे ॲल्युमिनियमचे झाकण त्यावर बरोबर बसते.